प्रमाण पादचारी

सत्त्याण्णव साली देशापुढे प्रश्न बरेच होते, पण त्यातला सगळ्यात तातडीचा असा होता, की चालता चालता गाणं उडी मारत असे.

ज्यांना ते दिवस आठवत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. तेव्हा गाणी चकतीवर असत. चकती एका चपट्या, वाटोळ्या यंत्रात घालायची, यंत्र हातात धरायचं, स्पंजच्या दोन गाद्या कानांवर चढवायच्या आणि घराबाहेर पडायचं. त्याआधी चकतीवर तोंडाची वाफ सोडून ती मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसायची. हे काम घरोघरी फार भक्तिभावाने चाले. यंत्राच्या पोटात प्रकाशाचा एक डोळा असे आणि तो फिरती चकती वाचत असे. पाऊल जरा जोरात पडलं, की डोळ्याची ओळ सुटे. मग आर्त सुरात कुणाला तरी बोलावणारी गायिका एकाच अक्षरावर अडकून बसे, नाहीतर मधलं कडवं गाळून एकदम निरोपच घेई. कधी कधी क्षणभर अगदी चिडीचूप होई. त्या फटीतून बाहेरचं जग आत शिरे : सायकलची घंटा, कुणाचं तरी भांडण, आपल्याला केव्हापासून कुणीतरी मारत असलेली हाक. लोकांना त्या फटीचा फार राग येई.

यावर उपाय म्हणून कंपन्यांनी यंत्राला आठवण बसवली. यंत्र पुढचं गाणं थोडं आधीच वाचून साठवून ठेवी, आणि धक्का बसला की साठवलेलं वाजवी. आता प्रत्येक कंपनी छातीठोकपणे सांगू लागली, की खरं धक्कारोधक यंत्र ते आमचंच. कोणाचं खरं हे ठरवण्यासाठी सरकारने मानक भवनाच्या तिसऱ्या मजल्यावर 'सुवाह्य संगीतयंत्र धक्का-सहिष्णुता विभाग' उघडला.

विभागाने सगळ्यात आधी एक थरथरणारं टेबल मागवलं. टेबल आलं आणि उत्तम थरथरलं. पण ते नियमाप्रमाणे थरथरतं असं प्रमाणपत्र हवं होतं. ते देण्याचा अधिकार याच विभागाला होता, आणि ते देण्यापूर्वीची चाचणी प्रमाणित थरथरणाऱ्या टेबलावरच घ्यावी, असा नियमही याच विभागाचा होता. तेव्हा टेबलावर कापड घालून फुलदाणी ठेवण्यात आली, आणि 'तूर्त माणसाकडून चालवून घ्यावे' असा शेरा मारण्यात आला.

आता माणूस कोण? यंत्रं महागाची, कंपन्यांच्या मालकीची आणि जशीच्या तशी परत करायची. ज्याच्या हातून पडतील त्याची चौकशी होणार. हे कळताच मजल्यावरच्या अर्ध्या लोकांचे गुडघे दुखू लागले आणि उरलेल्यांना चक्कर येऊ लागली. संचालकसाहेब डोकं धरून बसले असताना बशीबाई चहा घेऊन आत आली.

बशीबाई ही आवक-जावक टेबलावरची कारकून. चहा आणणं तिचं काम नव्हतं. पण उपाहारगृह तळमजल्यावर, लिफ्ट कायमची बंद, आणि दुसऱ्या कुणी चहा आणला तर अर्धा कपात आणि अर्धा बशीत येई. तिने आणला, की कप काठोकाठ आणि बशी कोरडी ठणठणीत. ती चालायची म्हणजे नुसती सरकायची. म्हणून तिचं नाव पडलं कोरडी बशी, आणि वापरून वापरून त्यातला कोरडेपणा गळून गेला.

"बाई, ही बशी बघा," संचालक म्हणाले.

"काय झालं साहेब?"

"काहीच झालं नाही! तेच तर म्हणतोय."

शेजारी उपसंचालक बसले होते. कुठलंही वाक्य 'पाहा परिशिष्ट' असं म्हटल्याशिवाय त्यांना संपवता येत नसे, म्हणून ऑफिसात त्यांना परिशिष्टसाहेब म्हणत. त्यांनी वाकून बशी पाहिली, बोट फिरवून पाहिलं, बोट हुंगून पाहिलं.

"यांच्या हातून यंत्र पडणं अशक्य आहे," ते म्हणाले. "मी तसं नमूद करतो."

धक्का सोसतो का हे बघायला धक्का देणारं माणूस लागतं, ही गोष्ट त्या खोलीत कुणाच्याही मनात आली नाही. खरं सांगायचं तर बशीबाईच्याही आली नाही. इतकी वर्षं चहा वाहिला त्याचं आज चीज झालं, एवढंच तिला वाटलं. तिला 'प्रमाण पादचारी' असा हुद्दा मिळाला, हात टेकायची खुर्ची मिळाली आणि डोक्यावर स्वतंत्र पंखा मिळाला. त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. अर्थात ते तसेही फारसे लागत नसत.

नवरा शहर बसचा ड्रायव्हर. तो जेवता जेवता हसून हसून ठसकला.

"म्हणजे मी दिवसभर माणसं हादरवायची, आणि तू दिवसभर सरकार हलू द्यायचं नाही! संसार बरा जमलाय की आपला."

"हसा तुम्ही. पाटी लागणार आहे माझ्या नावाची."

"सूनबाई, पाटी लागली की माणूस भिंतीचं होतं, घराचं राहत नाही," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. सासूबाईंचे गुडघे गेले होते. जीभ मात्र रोज नवीन धार लावल्यासारखी.

"आई, पण माझी सायकल?" लेकीने विचारलं.

ही आठ वर्षांची. एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. मामाने तिला लाल सायकल आणून दिली होती. परीक्षा संपली की मी मागे सीट धरून पळेन आणि तुला शिकवेन, असा आईने शब्द दिला होता. सुट्टीनंतर वर्गाची सायकल सहल होती, आणि सायकल न येणारी वर्गात ती एकटीच उरली होती.

"शिकवणार म्हणजे शिकवणार. बोलले ना एकदा?" बशीबाई म्हणाली.

चाचण्या सुरू झाल्या. गुळगुळीत फरशीच्या लांब बोळातून बशीबाई यंत्र घेऊन या टोकाकडून त्या टोकाला जाई, मागून परिशिष्टसाहेब कानाला गाद्या लावून चालत. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड वाजे. पहिलं यंत्र पास झालं, दुसरं झालं, सगळीच झाली. एका कंपनीने आठवण बसवायला विसरून नमुना पाठवला, तोही पास झाला. एकाचं झाकण लागत नव्हतं, त्याला रबर बँड गुंडाळून आणलं होतं. त्याला विशेष गुणवत्तेचा सोनेरी शिक्का मिळाला.

पास व्हायला आठवण लागत नाही म्हटल्यावर कंपन्यांनी ती काढूनच टाकली. डब्यावरचं 'धक्कारोधक' मात्र मोठ्या अक्षरांत छापलं.

आणि तक्रारी येऊ लागल्या. सोनेरी शिक्क्याची यंत्रं दाराचा उंबरा ओलांडताना गप्प होत होती. कुणी शिंकलं तरी गाणं उडत होतं. पोती भरून पत्रं आली तेव्हा संचालकांनी बैठक बोलावली.

"यंत्रात काही दोष असेल का?" संचालकांनी चाचरत विचारलं.

"कसा असेल?" परिशिष्टसाहेब म्हणाले. "यंत्र प्रमाणित आहे. चाचणी प्रमाणित आहे. बाई प्रमाणित आहेत. मग राहिलं कोण?"

सगळ्यांनी विचार केला.

"नागरिक," परिशिष्टसाहेब म्हणाले. "नागरिक चुकीचे चालतात. पाहा परिशिष्ट."

खोलीत सुटकेचा एक मोठा निःश्वास सुटला. बशीबाईला आतून थोडं चुकचुकल्यासारखं झालं. पण सगळा देश चुकीचा चालतो आणि आपण एकट्या बरोबर, हे ऐकायला कुणालाही बरंच वाटतं. तिने मान डोलावली, अर्थात अगदी हळू.

नागरिकांना चालणं शिकवण्याची मोहीम निघाली. गुडघे किंचित वाकवून, टाच न आपटता, खांदे न हलवता सरकायचं. चौकाचौकात बशीबाईची चित्रं लागली. शाळांतून कवायतीच्या तासाला सरकणं आलं. पोलीस चोरामागे सरकू लागले, आणि चोरही कायदा पाळणारा असला तर पुढे सरकू लागला. रस्ते खात्याने खड्डे बुजवणं थांबवलं, कारण दोष चालणाऱ्याचा आहे हे सिद्धच झालं होतं. बसमध्ये एकाही प्रवाशाचं गाणं उडता कामा नये, असा हुकूम निघाला. नवरा खड्ड्यापुढे बस थांबवी, प्रवासी उतरत, खड्ड्याला वळसा घालून सरकत पलीकडे जात आणि पुन्हा चढत. संध्याकाळी सातला घरी येणारा माणूस लेक झोपल्यावर येऊ लागला.

"पूर्वी माणसं मला शिव्या द्यायची," तो बूट काढताना म्हणे. "आता तुला देतात. तेवढाच मला आराम."

पण खरी पंचाईत पुढेच झाली. देशभर जी चाल शिकवायची ती मूळ चाल एकाच ठिकाणी होती, बशीबाईच्या पायांत. ती बिघडली तर सगळा देश चुकीचा चालेल. सोन्याचांदीचं वजन करायला जसं मूळ वजनमाप काचेच्या कपाटात जपून ठेवतात, तसं हे माप जपायला हवं, असं परिशिष्टसाहेबांनी लिहून काढलं. बशीबाईला कपाटात ठेवता येईना, म्हणून नियम झाले. प्रमाण पादचाऱ्याने पळू नये. उडी मारू नये. खदखदून हसू नये, स्मित चालेल. जिना चढताना मध्ये बसून घ्यावं.

परीक्षा संपली. भिंगरी सायकल घेऊन दारात उभी.

"चल आई."

बशीबाई अंगणात आली, सीट धरली आणि प्रमाण चालीने सरकू लागली. तेवढ्या वेगात सायकल उभी कशी राहणार? दोन हेलकावे खाऊन ती आडवी झाली. उचलली, पुन्हा आडवी झाली. भिंगरीचं कोपर सोलवटलं.

"आई, पळ ना गं!"

"पळता येत नाही बाळा."

"पाय दुखतो?"

"नाही. सरकारी आहे."

भिंगरीने आईच्या पायाकडे नीट बघितलं. "दोन्ही?"

सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "बाबाला सांग गं," त्या म्हणाल्या. "तो दिवसा घरी असला तर. मला सांग, माझे गुडघे असले तर. नाहीतर आईला सांग, ती आई असली तर."

ते बशीबाईला लागलं. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांकडे एक दिवस पळण्याची परवानगी मागितली.

"कुठे पळायचंय?" संचालकांनी घाबरून विचारलं.

"सायकलमागे."

"कोणाच्या?"

"लेकीच्या, साहेब."

परिशिष्टसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, भावना समजते. मलाही मुलगा आहे, म्हणजे असावा, मी घरी गेलो की तो झोपलेला असतो. पण तुम्ही पळालात तर पळणं हीच प्रमाण चाल होईल. उद्या सगळा देश पळेल. यंत्रं नापास होतील. सोनेरी शिक्के परत घ्यावे लागतील. एका सायकलसाठी?" मग जरा विचार करून ते म्हणाले, "मुलीला सायकल हळू चालवायला सांगता येणार नाही का?"

"हळू चालवली की पडते."

"मग ती सायकल प्रमाणित नाही," परिशिष्टसाहेब म्हणाले, आणि विषय संपला.

बशीबाईला राग यायला हवा होता. तो आलाही, पण रागाने पाऊल जड पडतं हे आठवून तिने तो गिळला. जाहीर प्रात्यक्षिकाचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी मोठमोठे पाहुणे येणार, चढाच्या रस्त्यावरून प्रमाण पादचारी यंत्र घेऊन चालणार, गाणं सगळ्या गावाला भोंग्यांतून ऐकू जाणार. ते एवढं होऊ दे, मग बघू, असं तिने लेकीला सांगितलं. भिंगरी नुसती आजीकडे बघत राहिली, आणि आजी रस्त्याच्या चढाकडे.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी रस्ता सजला होता. खड्डे बुजवायला वेळ नव्हता, म्हणून वरून लांबच लांब लाल गालिचा अंथरला होता. वरच्या टोकाला जुन्या पाण्याची टाकी, मध्ये मांडव, आणि उतार संपतो तिथे मोठा चौक. चौकात ट्रक, मोटारी, सगळं वाहत होतं. मांडवाच्या कडेला पाहुण्यांना घेऊन आलेली बस होती आणि तिच्या पायरीवर नवरा शेंगदाणे खात बसला होता.

बशीबाईच्या हातात सोनेरी शिक्क्याचं, रबर बँडचं यंत्र. त्याच्या तारेला दोन फाटे होते. एक तिच्या कानांकडे, आणि दुसरा लांबलचक, भोंग्यांकडे. तो दुसरा फाटा दोन कारकून तिच्या मागून उचलून धरत होते. गाणं सुरू झालं. ती सरकू लागली. पाहुणे खुर्चीतून उठून बघू लागले. सूर कसा तेलाच्या धारेसारखा. बशीबाईच्या कानांत, डोक्यात, सगळ्या अंगात गाण्याशिवाय काही उरलं नव्हतं. तिला फार बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच, बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

वर टाकीपाशी भिंगरी लाल सायकलवर बसली होती. सायकलच्याच आधाराने कशीबशी वर आलेल्या आजीने तिची सीट धरली होती. आईला पळता येत नाही, तर उतारानेच पळावं, हा हिशेब दोघींनी मिळून जुळवला होता. गुडघे गेले असले तरी आजीचे हात शाबूत होते.

"आजी, धरलंयस ना?"

"धरलंय. आणि आता सोडते. बघू तरी त्यांच्या खात्याला काय काय सोसतं," असं म्हणून सासूबाईंनी सायकल ढकलली.

सायकल सुटली. पहिला थोडा वेळ भिंगरी आनंदाने ओरडली. मग तिच्या लक्षात आलं, की आपली बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत. मग ती वेगळं ओरडली. "आई! आई गं!" पण भोंगे केवढे! मांडवात कुणाला काही कळलं नाही. बशीबाई पाठमोरी, चौकाच्या दिशेने सरकत होती. गायिका तिच्या कानात कुणाला तरी आर्तपणे बोलावत होती.

आणि गालिच्याखालच्या खड्ड्यात बशीबाईचा पाय गेला.

ती पडली नाही. नुसता एक हिसका बसला. पण यंत्राच्या डोळ्याची ओळ सुटली आणि पोटात आठवण तर नव्हतीच. गायिका एका अक्षरावर दोनदा अडखळली आणि गप्प झाली. भोंगे गप्प झाले. सगळा रस्ता गप्प झाला.

त्या फटीत हाक आली. "आई!"

बशीबाईने वळून पाहिलं. लाल सायकल डुगडुगत तिच्या अंगावरून जावी तशी शेजारून गेली, चौकाकडे.

मग ती पळाली. कशी पळाली म्हणाल, तर धबाधबा. टाचा आपटत, कोपरं फेकत, चपला मागे टाकून. तार ताणली गेली, तुटली, दोन्ही कारकून गालिच्यावर बसले. कानावरच्या गाद्या गळ्यात आल्या. यंत्र हातातून सुटलं, आपटलं, रबर बँड एकीकडे, चकती दुसरीकडे. चकती मात्र उन्हात चमकत तिच्याबरोबर थोडी घरंगळली. मांडवातले लोक वाटेतून बाजूला व्हायला निघाले होते, पण त्यांना इतकं छान शिकवलं होतं, की ते सरकतच होते.

चौकाच्या तोंडाशी तिने सीट पकडली. दोन्ही टाचा रोवून सायकल वळवली, तशी ती चौकात न जाता कडेच्या सपाट गल्लीत शिरली. आता थांबायला हरकत नव्हती.

"आई, सोडू नकोस!"

"नाही सोडत! पायडल मार! समोर बघ, माझ्याकडे नाही!"

ती पळत राहिली. धापा टाकत, खदखदून हसत पळत राहिली. गल्लीच्या अर्ध्यात तिने सीट सोडली. भिंगरीला ते कळलंच नाही. बसच्या पायरीवरून नवरा शेंगदाण्यांचा पुडा उधळून ओरडला, "अहो प्रमाण पादचारी! वा!"

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली.

"तुम्ही पळालात?" परिशिष्टसाहेबांनी विचारलं.

"पळाले."

"का?"

"लेकीची हाक ऐकू आली."

"कशी येईल?" ते शांतपणे म्हणाले. "हाक ऐकू यायला गाणं थांबावं लागतं. गाणं थांबायला यंत्र अडखळावं लागतं. यंत्र धक्कारोधक आहे, सोनेरी शिक्का आहे. म्हणजे गाणं थांबलं नाही. म्हणजे हाक आली नाही. म्हणजे तुम्ही पळाला नाहीत. पाहा परिशिष्ट." त्यांनी फाइल मिटली. "घडलेला प्रकार घडलेला नाही, असं समिती एकमताने ठरवते. उद्या वेळेवर या."

बशीबाई दुसऱ्या दिवशी वेळेवर आली आणि आवक-जावक टेबलावर जाऊन बसली. पंखा तिने मागे सोडला.

पुढे चकत्या गेल्या. संचालक निवृत्त होऊन एका यंत्रकंपनीचे सल्लागार झाले. आता त्यांना कानाला यंत्र लागतं आणि ते चालताना शीळ घालतं. परिशिष्टसाहेब संचालक झाले. त्यांचा विभाग अजून आहे. आताच्या यंत्रांत हलणारं काहीच नसतं, तेव्हा काहीच हलत नाही असं प्रमाणपत्र तो दरवर्षी देतो. थरथरणाऱ्या टेबलालाही अखेर प्रमाणपत्र मिळालं, कारण ते थरथरायचं थांबलं. सासूबाई शेवटपर्यंत सांगत असत, की या घरात सायकल शिकवली ती मी. नवऱ्याने बस सोडली, पण त्याला अजून झोप लागते ती खुर्ची कुणी हलवली तरच. भिंगरी मोठी होऊन रुग्णवाहिका चालवते. वेग बापाचा, आणि आतल्या माणसाच्या उशाशी ठेवलेलं पाणी हलत नाही ते आईचं.

बशीबाईची बशी त्या दिवसापासून कधी कोरडी राहिली नाही. आता तिचं वय झालं. ती चहा मुद्दाम बशीत ओतते, फुंकर घालते आणि खिडकीत बसून रस्ता बघत पिते. रस्त्यावरून माणसं जातात. गुडघे किंचित वाकलेले, खांदे स्थिर, मान खाली, हातात चपटं यंत्र, कानांत बोंडं. टाच आपटत नाही, कुणाला कुणाचा धक्का लागत नाही. परिपत्रक नाही, कवायत नाही, तरी सगळा देश अगदी तिच्यासारखा सरकतो. परिशिष्टसाहेबांना जे जमलं नाही ते कुणी न सांगता तुम्ही करून दाखवलंत.

आणि आताची यंत्रं खरोखरच धक्कारोधक आहेत. गाणं एकदाही अडखळत नाही. त्यामुळे तुमच्या मागून कुणी केव्हापासून हाक मारत असेल, तर घाबरू नका. ती आलेली नाही.